सव्वा वर्षाची खुर्ची

सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या कातळपठारावर, कुणी उगाच येत नाही. खालून वर यायचं म्हणजे उघड्या कातळातली चढण, वाटेत सावलीला एक झाड नाही, आणि वर आल्यावर आमच्या वाडीतल्या पंधरा-वीस घरांपलीकडे बघण्यासारखं काही नाही. त्यामुळे त्या दिवशी रिक्षा घरघरत माझ्या अंगणासमोर थांबली, आणि तिच्यातून आधी भागोजी आबांची काठी, मग आबा आणि त्यांच्यामागून सरपंच दर्शना उतरली, तेव्हाच मी ओळखलं की ही मंडळी काहीतरी घ्यायला आली आहेत. द्यायचं असतं तर निरोप धाडून मलाच खाली बोलावलं असतं.

मी नाचणीची कणसं वाळत घालत होते. हात झटकून उठले, पडवीत चटई टाकली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. भागोजी आबा सत्तरीचे, गावचे मानकरी. देवळातला पहिला नारळ त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा आणि गावकीच्या बैठकीत शेवटचा शब्दही त्यांचा. त्यांनी दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी सवयीनं अंगणात ओतून दिलं. सड्यावर पाणी ओतत नाहीत. खालच्या घळीतल्या झऱ्यावरून हंडे आणण्यात आमची सकाळ जाते, भांडी विसळलेलं पाणीसुद्धा मिरचीच्या रोपांना घालतो. पण पाहुण्याला काय बोलणार?

ते कशासाठी आले असणार, हे कळायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. आमची ग्रामपंचायत सात जणांची. गेल्या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, आणि सातांत बाया चार, गावात वाड्याही चार. भांडणं नकोत, पोलीस नकोत म्हणून गावकीनं तोड काढली. सगळे सदस्य बिनविरोध निवडायचे आणि पाच वर्षांचे चार तुकडे करून प्रत्येक वाडीच्या बाईनं सव्वा वर्ष खुर्चीवर बसायचं. केदारलिंगाच्या देवळात आम्ही चौघींनी नारळावर हात ठेवून शब्द दिला, की आपले दिवस भरले की कुणी न सांगता उतरायचं. मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळानं सत्कार केला, पेपरात आमचा फोटो आला. फोटोत मी कडेला आहे, अर्धी.

पहिली राऊळवाडी, मग खालची वाडी, मग मधली वाडी, शेवटी सडा. हाच क्रम का, असं कुणी विचारलं नाही. शिमग्यात पालखीही अशीच फिरते. आमच्याकडे पोचेपर्यंत खांदेकरी दमलेले असतात आणि देवाच्या अंगावरची फुलं मलूल झालेली असतात. शेवटी यायची आम्हाला सवय आहे. दर्शना मधल्या वाडीची, तिचं सव्वा वर्ष दिवाळीतच भरलं होतं आणि दिवाळी होऊन गेली होती.

"बकुळाबाय, तुजा नंबर आलाय हे आमी विसरलेलो नाय," आबांनी सुरुवात केली.

"मी पण नाय विसरले," मी म्हणाले.

"पण पाण्याचं बघ. टाकी झाली. तीन वाड्यांत नळ आले. आता तुमच्या सड्याचीच लाइन ऱ्हायली. आता सरपंच बदलला, की परत सह्या बदलायच्या, परत कागद फिरायचे. ठेकेदार तेवढंच बघतोय. मागच्या दोन्ही वेळेला काय झालं, तुला म्हाईत हाय."

ते खोटं नव्हतं. राऊळवाडीच्या सूनबाईनं योजना मंजूर करून आणली आणि ती उतरली. खालच्या वाडीच्या सदस्येला ती योजना समजेस्तोवर तिचे दिवस भरत आले. कुणी डोईजड होऊ नये म्हणून आम्ही खुर्चीचे तुकडे केले, ते इतके लहान केले, की एकीलाही एक काम तडीला नेता येईना. रस्ता अर्धा, समाजमंदिर अर्धं, अंगणवाडीला भिंती आहेत आणि छप्पर नाही. गावात कुठेही बघा, सव्वा वर्षाइतकंच काम दिसतं.

"म्हणजे दर्शनानं ऱ्हायचं," मी म्हणाले. "माज्या पाळीत."

"पाणी येईस्तोवर," आबा म्हणाले. "देवाला विचारून शब्द सोडवून घेऊ. तू हरकत घेऊ नको, एवढंच सांगायला आलोय."

मी दर्शनाकडे बघितलं. पस्तिशीची पोर, चिपळूणला बारावी केलेली, नवरा मुंबईला. पूर्वी पंचायतीच्या बैठकीत ती माझ्याशेजारी दाराजवळ बसायची आणि आम्ही दोघी पदराआड हसायचो. आता कुणी बोलत असलं की ती मोबाइल पालथा ठेवते आणि सावकाश मान हलवते, साहेबलोक हलवतात तशी.

"काकी, मला खुर्चीची हौस नाही," ती म्हणाली. "पण मी त्या ठेकेदाराच्या मागे लागून लागून इथवर आणलंय. आता सोडलं तर सगळं पाण्यात जाईल."

"पाण्यात गेलं तर बरंच की," मी म्हणाले. ती हसली नाही.

ती खरं बोलत होती आणि तिला हौसही होती. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त चीड येत होती. नुसती लबाड असती तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

ती दोघं गेल्यावर मी वाडीतल्या बायकांना शाळेच्या पडवीत बोलावलं. आमची शाळा पोरं कमी म्हणून बंद झाली आहे, पडवी तेवढी उपयोगाला येते. मी सगळं सांगितलं. माझ्या मनात होतं की बायका भडकतील, म्हणतील, आपली पाळी कशी घेतात बघूच. कुणी भडकलं नाही. सगळ्या दमलेल्या होत्या, भात झोडून सगळ्यांचे खांदे उतरले होते. शेवटी संध्या बोलली. ही लवूची बायको. लवू हर्णैला बोटीवर खलाशी आहे, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतो. त्यांचं घर वाडीच्या टोकाला, पऱ्याचा ओढा ओलांडून पलीकडे, एकटंच. पऱ्यावर ओलांडायला साकव नाही, त्यामुळे पालखीसुद्धा तिच्या अंगणात जात नाही, तीच अलीकडे येऊन देवाच्या पाया पडते.

"काकी, पाणी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"खुर्ची काय, पाणी काय, असं इचारताव ना? मना पाणी होवं. तुमच्या खुर्चीत हंडा भरनार हाय काय माजा?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथून उठलेच. घरी येऊन चूल पेटवली आणि चुलीशी बसून चक्क रडले. रडू कशाचं होतं, ते सांगते. पंचायतीच्या भिंतीवर एक फळा आहे, त्यावर आजवरच्या सरपंचांची नावं रंगवलेली आहेत. सड्याचं एकही नाव त्यावर नाही. तिथं माझं नाव यावं अशी मला फार इच्छा होती. पाण्यासाठी नव्हे, वाडीसाठी नव्हे, नुसतं नाव यावं म्हणून. माझं लग्न होऊन मी ह्या गावात आले त्याला जन्म लोटला, पण खालच्या वाड्यांत मला अजून 'ती सड्यावरची' म्हणतात. एवढंसं मागणं होतं, तेही संध्यानं एका वाक्यात मोडून ठेवलं, आणि तिचं चुकलं असंही म्हणता येईना.

सोमवारी देवळात गाव जमला. आमच्याकडे देवाला विचारायची रीत अशी, की दत्ताराम गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक कळी पाण्यानं चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाण्यातला एकेक मुद्दा झाला की जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं की गुरव श्वास घ्यायला थांबले की तोंडातून ते आपोआप निघतं. त्यासाठी ऐकायची गरज पडत नाही.

पुरुष पुढे, बायका मागे. मी सदस्य, म्हणून मला पुढच्या खांबाशी जागा मिळाली होती. दर्शना देवासमोर हात जोडून उभी होती.

"बा देवा केदारलिंगा," दत्ताराम गुरवांनी सूर लावला, "गावची लेकरं आज तुज्या पायाशी आली हायत…"

"होय महाराजा!"

"ह्या लेकीनं तुज्यासमोर नारळावर शब्द दिलाला हाय. गावच्या पाण्यासाटी तो शब्द तू मोकळा कर…"

"होय महाराजा!"

"पाणी पुरं होईस्तोवर तिला खुर्चीवर बसायची आज्ञा दे…"

"होय महाराजा!"

गुरव श्वास घ्यायला थांबले. माझ्या मनात आधीपासून काही ठरलेलं नव्हतं. आदल्या आठवड्यापासून मनात जे साचत होतं, तेच बाहेर आलं असं समजा. मी त्याच सुरात मोठ्यानं म्हणाले, "आणि ह्या गावात जो कोण सरपंचाच्या खुर्चीवर बसंल, त्याच्या घरचा नळ, गावातल्या शेवटच्या घरात पाणी जाईस्तोवर बंद ऱ्हाऊ दे!"

"होय महाराजा!" सगळा गाव गरजला.

आपण काय म्हणून बसलो ते एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. पुढच्या रांगेतली डोकी मागे वळली. भागोजी आबांचे हात जोडलेले होते ते तसेच राहिले. त्यांनीही म्हटलं होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"ह्ये कुठलं गाऱ्हाणं?" आबा माझ्यावर ओरडले. "बाईमाणसानं मधी बोलायची रीत हाय काय?"

मी उत्तर द्यायच्या आत टप्प असा बारीक आवाज झाला. उजव्या खांद्यावरची कळी ओघळून देवाच्या पायाशी पडली होती.

"होकार झाला," दत्ताराम गुरव पुटपुटले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आबा, आता काय नाय करता येनार. सगळं मिळून एकच गाऱ्हाणं झालं. अर्धं घ्यायचं नि अर्धं टाकायचं, असं देवाकडं चालत नाय."

पुरुषांची कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, ते गाऱ्हाण्यात धरायचंच नाही. कुणी म्हणालं, परत कळ्या लावा. परत लावायचं म्हणजे देवाला खोटं ठरवायचं, ते करायला कुणी पुढे येईना. तेवढ्यात दर्शना वळली. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता ही मला बोलेल.

"माझा नळ बंद करा," ती म्हणाली. "आजच करा."

त्या संध्याकाळी तिच्या घरासमोरचा कॉक फिरवून तिचं पाणी तोडलं. पंचायतीच्या पाणीवाल्याला ते करवेना, म्हणून तिनंच त्याच्या हातातला पान्हा घेतला आणि कॉक बंद केला असं मी ऐकलं.

मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. तिखट बोललेलं आपल्याच जिभेला झोंबावं तसं काहीतरी झालं. मधल्या वाडीत सगळ्यांच्या अंगणात नळ वाहत होते, आणि सरपंच डोक्यावर हंडा घेऊन देवळामागच्या जुन्या विहिरीवर जात होती. तिची सासू मला नाव घेऊन शिव्या देत होती. बायका तिला म्हणायच्या, आमच्या नळावर भर गो, कोण बघतंय. ती भरायची नाही. एकदा मी बाजाराला चालले होते, तेव्हा विहिरीवर आम्ही समोरासमोर आलो. तिचे तळहात सोलवटले होते, राहाटाची सवय सुटली होती ना.

"बरी आहेस?" मी विचारलं.

"दमलेय," ती म्हणाली. मग दोर ओढता ओढता म्हणाली, "काकी, सड्याचं काय झालं असं कुणी विचारलं की मी काम चालू आहे म्हणायचे. खरंच चालू होतं. पण आता घरात पिंप रिकामं दिसलं की माझ्याच्यानं ते म्हणवत नाही."

मी तिचा हंडा तिच्या डोक्यावर चढवून दिला. दुसरं काय करणार?

मग कामानं वेग घेतला हे खरं. ती दर दोन-चार दिवसांनी तालुक्याला जाऊन बसायची, ठेकेदाराच्या घरी जाऊन बसायची. पौष गेला, माघ गेला, शिमग्यात चर खणले गेले. कातळ फोडायला यंत्र आलं, ते बिघडलं, दुसरं आलं. भागोजी आबा दोनदा तिला म्हणाले की आता पुरे, नळ सोड, देव समजून घेईल. ती नाही म्हणाली. वैशाखात, झऱ्याला वाटीनं पाणी गोळा करायची वेळ आलेली असताना, सड्यावर नळाला पाणी आलं. माझ्या अंगणातला नळ आधी नुसताच फुसफुसला, मग तांबडं पाणी थुंकला, मग स्वच्छ धार लागली. मी त्या धारेखाली हात धरून कितीतरी वेळ उभी राहिले. डोक्यावर हंडा ठेवायची माझी चुंबळ, जुन्या लुगड्याची, वर्षानुवर्षांच्या भारानं दगडासारखी झालेली, ती मी पडवीतल्या खुंटीला अडकवली आणि म्हटलं, बस आता तिथंच.

दर्शनानं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. कुणी न सांगता.

माझ्या सव्वा वर्षातलं निम्मं सरलं होतं, पण खुर्ची मिळाली. देवळात मी नारळावर हात ठेवला. आबांनी मला हार घातला आणि कानाशी म्हणाले, "आता तरी गप बस हां." सगळे हसले, मीही हसले. त्या दिवशी मला कुणाचाच राग आला नाही. पंचायतीतल्या खुर्चीत बसून बघितलं. खुर्ची साधीच आहे, तिचा एक हात ढिला आहे. समोरच्या फळ्यावर दर्शनाच्या नावाखाली जागा मोकळी होती, आणि रंगारी पुढच्या आठवड्यात येणार होता.

घरी आले तर पडवीत संध्या बसलेली. मी तिला तांब्याभर पाणी दिलं, स्वतःही घेतलं. नळाचं पाणी, गार, झऱ्यासारखा त्याला चिखलाचा वास नाही.

"काकी, आमच्याकडं पाणी चढत नाय," ती म्हणाली. "पऱ्यापर्यंत येतं. पलीकडं पाइप टाकलाय, पण नळाला थेंब नाय. पोरांना घेऊन झऱ्यावरच जातंय अजून."

"अगो, नवीन लाइन हाय. होईल," मी म्हणाले. "मी बघते. काम चालू हाय."

मी मान सावकाश हलवली. मग दोन घोट पिऊन उरलेलं पाणी अंगणात ओतलं. ओतताना माझ्या लक्षातही आलं नाही. संध्याच्या आलं. ती त्या ओल्या डागाकडे बघत होती, उन्हानं तो डाग सुकेपर्यंत. मग उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सोडला तर कोरडा. मला वाटलं, पंप बिघडला. शेजारच्या घरात डोकावले, तिथं बादली भरून वाहत होती. माझ्याच नळाला काय झालं म्हणून मी पाइपाच्या कडेनं रस्त्यापर्यंत गेले. तिथं माझ्या कॉकपाशी, दगडावर, संध्या बसली होती. शेजारी तिचा रिकामा हंडा, मांडीवर पान्हा. लवूचा असणार, बोटीवरचा.

"काय केलंस गो हे?" मी विचारलं.

"बंद केला."

"सरपंचाच्या घरचा नळ बंद केलास?"

"म्हणून तर केला," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाला असं काही बोलत असावी. "तुमीच बोलल्याव ना देवळात? जो कोण बसंल त्याच्या घरचा. शेवटच्या घरात पाणी जाईस्तोवर. मी मागच्या खांबाशी व्हते, काकी. होय महाराजा मी पण बोललंय."

"अगो, ते दर्शनासाठी होतं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती दगडावरून हलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला संताप आला. काल हार घातलेला, अजून फळ्यावर नाव चढलेलं नाही, आणि ही पोर माझं पाणी तोडून बसली आहे. त्यातून ही आमच्याच वाडीतली. मी बोलले असते, फार बोलले असते, एवढं वर्षभराचं साचलं होतं. पण बोलायचं काय? गाऱ्हाणं घालताना माझ्या डोळ्यांसमोर शेवटचं घर म्हणून माझंच घर होतं. माझ्या पलीकडे पऱ्या आहे आणि पऱ्यापलीकडे अजून एक घर आहे, हे मला रोज दिसत होतं आणि तरी माहीत नव्हतं.

"किती दिवस लागतील, मना म्हाईत नाय," मी शेवटी म्हणाले. "ठेकेदार हरामखोर हाय. खाली मोटरच लहान बसवली असंल. पाऊस लागला की काम बंद. गणपतीपर्यंत पण जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "दोघी असलो की झऱ्याची वाट एवढी लांब नाय वाटत."

तिनं उठून पान्हा माझ्यापुढे धरला. मला वाटतं ती घाबरली होती आणि आता तो परत देऊन मोकळी व्हायला बघत होती. मी तो हातात घेतला असता आणि कॉक उघडला असता, तर तिनं मला अडवलं नसतं. गावात कुणाला कळलंही नसतं.

मी घरात गेले. गुडघे दुखत होते, आणि मला खरंच फार थकवा आला होता. मी दमले होते पाण्याला, पाळीला, गावकीला, ह्या सगळ्या शब्दांना आणि नारळांना. खुंटीवरची चुंबळ काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. ती तिच्या जागी नीट बसली. हंडा घेऊन बाहेर आले तेव्हा संध्या अजून पान्हा पुढे धरून उभी होती.

"तो तुज्याकडंच ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "माज्या मागून येईल तिच्यासाटी पण लागंल."

मग आम्ही दोघी घळीकडे उतरायला लागलो. अकरा वाजता मला पंचायतीत जायचं होतं.